खांबाची जर्सी मी धुतली

...आणि वर मलाच विचारतात, माती कुठे गेली? अहो, माती कुठे जाते? मोरीत जाते. पंचवीस वर्षं जातेय. पंचवीस वर्षं मी या क्लबाचे कपडे धुतेय, तेवढ्या वर्षांत एकानं कधी विचारलं नाही की मावशी, आमची माती नीट पोचली ना, आणि त्या सोमवारी सकाळी सेक्रेटरीसाहेब माझ्या खोलीच्या दारात उभे, तोंड असं की घरचं कुणीतरी गेलंय, आणि हातात काय, तर रिकामं हँगर. "मावशी, शनिवारची ती जर्सी?" म्हटलं, ती काय, दोरीवर. वळून बघितलं त्यांनी. पांढरीशुभ्र, वाऱ्यावर झुलतेय. आणि तुम्हाला सांगते, तो माणूस मटकन खाली बसला. कशावर बसला? साबणाच्या बादलीवर. झाकण नव्हतं तिला.

तर मी आधीच सांगून ठेवते, मागाहून तोंड वाकडं करू नका. मला खेळातलं काही कळत नाही, मला धुणं कळतं. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या बरोबर खाली. एक मशीन, ते निम्मे दिवस रुसलेलं, दोन दगडी टाक्या आणि एक झरोका, त्यातून गवत दिसतं, बोटभर. पंचवीस वर्षांत मी एक मॅच बघितली नाही. वर लोक नाचले की माझ्या डोक्यावर चुना पडतो, त्यावरून समजायचं की गोल झाला. जास्त चुना पडला तर आपला.

आता ही जर्सी कुणाची, तर खांबाची. नाव त्याला आहे, आईबापांनी ठेवलेलं, पण क्लबात कुणी घेत नाही. गोलच्या पुढ्यात उभा राहतो आणि हलत नाही म्हणून खांब. एकोणिसाव्या वर्षी आला, छत्तिसाव्या वर्षी थांबला. सतरा वर्षं एकच क्लब, एकच जागा, पाठीवर एकच आकडा, पाच. शनिवारी त्याची शेवटची मॅच. आणि मॅच तरी कसली, हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार होता, तिथून वर यायला म्हणे माणसांची हयात जाते. शेवटच्या मिनिटाला म्हणे चेंडू आपल्या गोलात निघाला, गोलकीपर भलतीकडेच आडवा, वर सगळं चिडीचूप, मला वाटलं लोक घरी गेले की काय, आणि हा खांब कुठून आला कुणास ठाऊक, चेंडूच्या आडवी छाती घातली. चेंडू चिखलाचा गोळा झालेला. छातीवर त्याचा गोल ठसा उठला, शिवणीसकट, पत्रावर शिक्का उठावा तसा. क्लब वाचला. माझ्या डोक्यावर त्या दिवशी इतका चुना पडला की मी आरशात बघितलं तर माझी सासूच उभी.

त्याच संध्याकाळी वरच्या लोकांनी ठरवलं. मोठ्या दाराशी काचेचं कपाट लावायचं, त्यात ती जर्सी, जशीच्या तशी, मातीसकट, ठशासकट. पुढच्या रविवारी उघडायचं. अध्यक्षांना सांगितलं, पेपरवाल्यांना सांगितलं, सुताराला सांगितलं. कुणाला नाही सांगितलं? जी धुते तिला नाही सांगितलं! आता टोपलीत मळकी जर्सी आल्यावर मी काय करायचं, तिची आरती ओवाळायची? गार पाण्यात टाकली. भुवई फुटली होती त्याची, रक्ताचे थेंब होते, आणि रक्ताला गरम पाणी लावलं की ते कापडात घर करतं, म्हणून आधी गार पाणी, मग मीठ, मग ब्रश. दोन तास घासली. लाज वाटत नाही सांगायला, अशी जर्सी मी जन्मात धुतली नव्हती. डाग म्हणून नाव नाही.

"इतिहास धुतलात हो तुम्ही," सेक्रेटरीसाहेब बादलीतून उठता उठता म्हणाले. मी म्हटलं, इतिहास होता तर टोपलीत कशाला टाकला? तर म्हणे आम्ही नाही टाकला. म्हणे, मी हँगर आणायला गेलो, परत येतो तर खांब सायकल काढून घरी गेलेला, टोपलीत त्यानंच टाकला हे आज कळलं.

हे ऐकलं. आणि आत कुठेतरी खटकलं. पण काय खटकलं ते चटकन हाताला लागेना.

तोवर तिकडे वर आग लागलेली. अध्यक्ष म्हणाले, माती नाही तर मग त्या जर्सीत काय आहे, तसली दुकानात टांगलेली असते. कपाट तयार आहे, लोकांना बोलावलंय, रिकामं ठेवता येत नाही. त्यात तोफेची जर्सी लावा.

आता तोफ कोण, तर हाही आमच्याकडेच खेळायचा. तीनच वर्षं, पण गोल मारले सत्तर. मग मोठ्या क्लबानं बोलावलं आणि गेला, जाताना स्वतःच्या जर्सीवर सही करून, चौकट करून, अध्यक्षांना भेट देऊन गेला. कपाट कुणासाठी असतं ते त्याला आधीच माहीत! आणि माझा जीव खाली-वर. खांबाचं कपाट माझ्या हातानं गेलं. सतरा वर्षं त्यानं छाती घातली आणि मी दोन तासांत ब्रश घालून त्याला पुसून टाकलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "तुला सांगत होतो, इतकं स्वच्छ धुवू नकोस कुणाचं." जेवण गेलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेब माळ्याला घेऊन आले. माळी म्हणजे मैदानाचा माळी, माझा जन्माचा वैरी, तो गवताला पाणी सोडतो आणि निस्तरते मी. हातात चिखलाची बादली, बगलेत चेंडू. म्हणे, मावशी, पुन्हा ठसा उठवू. कोण ओळखतंय? आधी एका जुन्या जर्सीवर करून बघू. माळ्यानं चेंडू बुडवला, नेम धरला आणि हाणला. ठसा कसा उठला सांगू? चाकाखाली बेडूक यावा तसा. दुसऱ्यांदा हाणला तर सेक्रेटरीसाहेबांच्या पोटावर, आणि तिथे मात्र इतका सुंदर उठला म्हणता! माळी म्हणतो, साहेब, तुम्हीच कपाटात उभे राहा.

मग ते खऱ्या जर्सीकडे वळले आणि मी आडवी आले. म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही, मला धुणं कळतं, आणि पंचवीस वर्षांत मी खरे डाग काढलेत, खोटा डाग माझ्या खोलीत पडणार नाही. आधी मला बुडवा त्या बादलीत.

संध्याकाळी वर मीटिंग. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. हातही पुसले नव्हते. मोठं टेबल, गाद्यांच्या खुर्च्या, चहाचे कप, आणि सगळ्यांचं एकच चाललेलं, क्लबाचा मोठा माणूस कुणाला म्हणायचं. एक म्हणतो गोल मोजा. एक म्हणतो वर्षं मोजा. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. तोफ, गोल सत्तर. खांब, गोल तीन, त्यातले दोन आपल्याच जाळीत.

हसले सगळे. आणि मी जी सुटले...

म्हटलं, साहेब, मी चौथी पास. तुमचा कागद मला वाचता येईल, समजणार नाही. पण जर्सी मला वाचता येते. तुमच्या तोफेच्या जर्सीला तीन वर्षं गवत लागलं ते पाठीला. पाठीला गवत कुणाच्या लागतं? जो पडतो त्याच्या. कुणी फुंकर मारली तरी पडायचा तो. आणि खांबाच्या जर्सीला माती लागली ती पुढून, सतरा वर्षं पुढूनच, पाठ मी नुसती पाण्यातून काढायची. आणखी सांगू? सहा वर्षांमागे एका नव्या पोरानं आपल्याच गोलात चेंडू घातला, लोक वरून आई-बहीण काढत होते, मला खाली ऐकू येत होतं, त्या दिवशी खांबाच्या जर्सीच्या उजव्या खांद्यावर शेंबूड होता. डोळ्यांचं पाणी वाळतं हो, शेंबूड वाळला तरी दिसतो. कुणीतरी त्या खांद्यावर पोटभर रडलं होतं. तुमच्या कागदावर तो खांदा कुठे लिहिलाय?

मला थांबायचं होतं, पण तोंडाला उतार लागला की लागला. म्हटलं, त्याचा पाय मोडला तेव्हा आठ महिने तो खेळत नव्हता, तर कुठे होता ठाऊक आहे? माझ्या खोलीत. दर शनिवारी कुबड्या घेऊन यायचा, उलट्या टोपलीवर बसायचा आणि सगळ्यांचे मोजे उलगडायचा. बाकीचे मोजे काढतात ते बोळा करून फेकतात, आत चिखल, एकेक बोळा सोडवता सोडवता माझी नखं जातात. म्हणून मी दारावर लिहून लावलंय, मोठ्या अक्षरात. बाह्या सरळ करा. मोजे उलगडा. माती बाहेर झाडा. पंचवीस वर्षांत शेकड्यांनी पोरं आली, तोफेनं तर त्या कागदाला नाक पुसलं. तो कागद एकानंच वाचला. पहिल्या दिवशी वाचला तो शेवटच्या दिवसापर्यंत, बाह्या सरळ करून, मोजे उलगडून, माती बाहेर...

आणि तिथे माझी जीभ अडकली. काय खटकत होतं ते हाताला लागलं.

म्हटलं, चला. सगळे चला माझ्याबरोबर. अध्यक्ष म्हणाले कुठे? म्हटलं, माती कुठे गेली विचारत होतात ना, दाखवते.

माझ्या खोलीच्या बाहेर, दाराच्या डाव्या हाताला भिंत आहे. मॅच संपली की खांब तिथे यायचा, जर्सी दोन्ही खांद्यांनी धरायचा आणि भिंतीवर आपटायचा. थाप, थाप, थाप. तीनदाच. वर शिट्टी वाजली की लोकांची मॅच संपायची, माझी मॅच संपायची ती त्या तीन थापांनी. जिंकले तरी तीन, हरले तरी तीन. आणि तुम्हाला सांगते, त्या शनिवारी वर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते, मोठमोठी माणसं रडत होती, भुवईला टाके, क्लब वाचवलाय, शेवटची मॅच, असल्या दिवशी माणूस जर्सी कुठे फेकेल याचा नेम असतो का? आणि मी आत मोजे सोडवत बसलेय, आणि बाहेर... थाप. थाप. थाप. मला तेव्हा काही वाटलंच नाही. घड्याळात सहा वाजले की वाटतं का काही?

भिंतीवर सतरा वर्षांचा डाग. माणसाच्या छातीएवढा रुंद, तपकिरी, थरावर थर, मध्ये काळपट आणि कडेला विरळ होत गेलेला. मी दर वर्षी म्हणायची, यंदा घासून काढते, आणि दर वर्षी राहून जायचं. खाली पायरीशी शनिवारची माती तशीच पडलेली, सुकून पापड झालेली. सेक्रेटरीसाहेब गुडघ्यांवर बसले आणि रुमालात ती माती गोळा करायला लागले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हात पुढे केला, पण भिंतीला लावला नाही. तसाच मागे घेतला.

"हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" ते म्हणाले.

म्हटलं, साहेब, इकडे कोण येतंय?

तर कपाट खाली आलं. सुतारानं तो डाग तसाच ठेवून भिंतीवरच काच बसवली, खाली पाचाचा आकडा लिहिला. तोफेची चौकट गेली अध्यक्षांच्या खोलीत, पंख्याच्या मागे. रविवारी ही गर्दी! मैदानातून माझ्या दारापर्यंत रांग. ज्या लोकांनी वरून माझ्या डोक्यावर चुना पाडला ते सगळे आज खाली, टोप्या हातात घेऊन, एकेक येतोय, बघतोय आणि आवाज न करता पुढे जातोय. मी म्हणाले ना, मला खेळातलं काही कळत नाही. पण एवढी माणसं गप्प कशी होतात, ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तो आला. सायकल बाहेर लावून. काचेसमोर उभा राहिला आणि कानापर्यंत लाल झाला. जर्सी मी घडी करून ठेवली होती, त्याच्या हातात दिली. त्यानं उलटून-पालटून बघितली, छातीवर हात फिरवला आणि म्हणाला, "छान निघाली." मग भिंतीकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, भिंत फार खराब केली हो मी. सांगायचं होतंत."

म्हटलं, जा घरी, भुवईला पाणी लागू देऊ नकोस.

आता शनिवारी शिट्टी वाजते आणि मी उगीच कान देऊन बसते. थाप येत नाही. बोळे येतात, मोज्यांचे, पूर्वीसारखेच. आणि सेक्रेटरीसाहेबांनी मला नवं काम लावलंय, रोज सकाळी ती काच पुसायची, आतल्या डागाला धक्का लागता कामा नये. जन्मभर डाग काढले, आता एक डाग राखत बसलेय! परवा कुठल्या दुसऱ्या गावची बाई आली होती, तिला ना खेळाचं घेणं ना देणं, तिनं भिंत बघितली, माझ्या हातातलं फडकं बघितलं आणि म्हणते, "काय हो बाई, इतकी वर्षं धुणं करता म्हणता, आणि दारातला एवढा एक डाग तुम्हाला निघाला नाही?"

म्हटलं, नाही हो. नाही निघाला.