एक वीत अलीकडे

नाही, तुम्हीच सांगा, उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं दात किती दिवस घासावेत? मी दोन महिने घासले! का? तर ताईला उपांत्य फेरीत हमखास भेटणारी प्रतिस्पर्धी डावखुरी होती! ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, बॅडमिंटनमध्ये पाच वेळा देशाची विजेती. आणि सरावाला समोर कोण? मी! आमचे सर, घसा कायम बसलेला, खुर्चीतूनच खेकसायचे, "आज तू डावखुरा! उद्या तू उंच!" आता उंच कसा होऊ हो? टाचा वर करून खेळलो, तुम्हाला सांगतो, पोटऱ्यांत गोळे आले... चषक ताईला, गोळे मला! चालायचंच.

पण जाळीच्या पलीकडून माणूस जसा दिसतो ना, तसा आईबापांनाही दिसत नाही. ताईला एकतिसावं लागलेलं. सर म्हणायचे, "काय फॉर्म आहे!" डॉक्टर म्हणायचे, "ऑपरेशननंतर गुडघा एकदम नवा!" पण समोर कोण होतं? मी. मला दिसायचं, मागच्या कोपऱ्यातल्या फुलाकडे, शटलकडे हो, धावण्याआधी ती एक श्वास घेते. पूर्वी नव्हती घेत. एवढंच... सांगू कसं? हरली की दोन दिवस जेवत नाही ती! मग काय, मी फूल एक वीत अलीकडे टाकायला लागलो. फार नाही हो, एक वीत! ती पोचायची, सणसणीत हाणायची, "बघितलंस? अजून पाय आहेत माझे!" मी म्हणायचो, "आहेत ना!" सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने!

मग राष्ट्रीय स्पर्धा. पहिलीच फेरी. आणि समोर कोण? मी नव्हे! एकोणीस वर्षांची पोरगी, ती कशाला टाकतेय अलीकडे, तिची काय ताई होती? एकवीस-आठ, एकवीस-सहा. ताई बाहेर! बाबा गॅलरीत उगाच चष्मा पुसत बसलेले. ताईनं बॅग आवरली आणि तडक माझ्याकडे आली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कधीपासून, विचारतेय."

"...सहा महिने."

तेरा दिवस बोलली नाही! एकाच घरात! मीठ माझ्या हातात, आणि ही आईला म्हणणार, "त्याला सांग, मीठ दे!" चौदाव्या दिवशी सकाळी माझ्या अंगावर बूट फेकले. "चल. आणि खरं खेळ."

खेळलो. एकूण एक फूल रेषेवर टाकलं. ती धावली हो, कुठल्याही फुलाचा नाद सोडला नाही तिनं... एकवीस-अकरा. जन्मात पहिल्यांदा तिला हरवलं आणि मला मेलं ओरडताही येईना. ती कोर्टवरच बसली, नाड्या सोडत राहिली, नंतर म्हणाली, "हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं रे." त्याच आठवड्यात निवृत्ती जाहीर.

निरोपाचा कार्यक्रम झाला. ताई पाऊण तास बोलली. सरांचे आभार, डॉक्टरांचे, रॅकेटच्या तारा ओढणाऱ्याचे, हॉल झाडणाऱ्या मावशींचेसुद्धा! मी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, कान टवकारून बसलेला. शेवटी म्हणाली, "आणि हा माझा भाऊ. फार वाईट खेळतो. सहा महिने याचं एक फूल जागेवर पडलं नाही."

सभागृह खो खो हसलं. ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली नुसती, डोळे भरून. मी उठलो, मान लववली, टाळ्याही घेतल्या... आता तीनशे माणसांना वीत कुठे समजावत बसू?