केबिनमधली शेगडी

तसं नाही अण्णा, गॅस काढते म्हणाले ना मी, काढते — पण तव्यावर भाकरी हाय, ती तरी होऊ दे की. शेटनी फोटो काढायला पाठवलंय ना तुम्हाला, काढा. ही पाच किलोची टाकी, ही शेगडी, ही मी, शालन, ड्रायव्हर कृष्णाजींची बायको. लिहा तुमच्या वहीत, ट्रकच्या केबिनमध्ये बाई स्वयंपाक करती म्हणून. खोटं कुठं हाय त्यात? कधी पेटलं तर गाडीसकट आमचा कोळसा होईल, हे शेटचं म्हणणं मला पटतंय — न पटायला मी काय येडी हाय? पण बेंगळुरातल्या चिकपेटच्या हापिसातनं एवढ्या उन्हाचं येलहंकापर्यंत आलाय, तर घोटभर पाणी प्या. वर चढा, ह्यांच्या सीटवर बसा. हे नाहीत, गोडाऊनच्या मागं नळ हाय तिथं आंघोळीला गेलेत. दिवसा गाडी शहरात सोडत नाहीत, संध्याकाळपर्यंत इथंच पडून राहायचं — मग आंघोळ काय, भाकरी काय, सगळं सावकाश.

आणि मराठी बोलता की तुम्ही. मधनंच कानडी ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ घालताय, ते चालतंय, आम्ही निपाणीकडची माणसं, आमच्यात पण कानडी कालवलेलंच असतंय. पणजोबांपासनं इथंच? बरं बरं. दहा दिवसांनी ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं मराठी ऐकतेय बघा — जीभ सैल सुटली तर माफ करा. नवराबायको बोलून बोलून किती बोलणार एकमेकांशी? शिरा आलं, तुमकूर आलं, पाणी दे, तंबाखू दे — संपलं. थांबा, ते विमान जाऊ दे. ह्या येलहंकात डोक्यावरनंच जातात मेली.

हां, तर लिहिताय तर का करती ते पण लिहा. ह्यांना साखर हाय. नऊ वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले हॉटेलचं बंद, जेवण वेळेवर, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. आणि मागं काय भरलंय बघितलं का? दोनशे पोती साखर. साखरेचा माणूस साखर ओढतोय — हसा की, आम्ही पण हसतो. हायवेवर कोण देतंय वेळेवर ज्वारीची भाकरी? म्हणून पोरीचं लग्न झालं तसं घराला कुलूप घातलं आणि चढले वर. दोन वर्षं झाली. बाहेर वाऱ्यानं शेगडी टिकत नाही, म्हणून आत. धरा, खावा, शेपूची भाजी हाय. मीठ नाही त्यात, त्यांना बीपी पण हाय ना — म्हणजे खाल्ल्या मिठाला जागा, असं पण मला तुम्हाला म्हणता यायचं नाही. मी पण अळणीच खाते. आता जिभेला चव कळत नाही, पाठ सरळ होत नाही, झोपले तरी अंग हलतंय असं वाटतंय. दमले हो मी. खरंच दमले.

काय म्हणालात? डबा करून द्यायचा आणि आपण घरी राहायचं? शेट पण असंच म्हणाले? डब्यानं भागलं असतं तर मी कशाला ह्या खोक्यात बसले असते अण्णा. डबा काय त्यांच्या पायाकडं बघणार हाय का? — काही नाही. काही म्हणाले नाही मी. आणखी एक भाकरी घ्या.

पाय म्हणजे — चटका बसलाय, एवढंच. मागच्या महिन्यात, शिरा गावाजवळ गाडी लावली होती तेव्हा. शेवटची भाकरी काढली आणि तवा तिथं खाली उतरवून ठेवला. हे तुम्ही बसलाय तिथंच, पाय मोकळे सोडून पोरीशी फोनवर बोलत होते. मला वास आला. म्हटलं भाकरी करपली काय — उलटून बघितली, तर चांगली भाजलेली. हे म्हणतात, काय जाळायलीस गं? आणि पाय त्यांचाच होता तव्यावर. उजवा. मी ओढून काढला तेव्हा त्यांना दिसलं. दिसलं म्हणते मी, लागलं म्हणत नाही. आता तुमच्या उजव्या पायाखाली बघा की — ब्रेक आणि ॲक्सिलेटर, दोन्ही त्याच पायानं.

तेव्हापासनं रस्ता कसा हाय ते मला विचारू नका, मी रस्ता बघतच नाही. निपाणीपासनं इथंपर्यंत मी त्यांचा पाय बघते. ब्रेकवर नीट पडला की ‘हं’ म्हणायचं, चुकला की ‘डावीकडं’ म्हणायचं. ते पुढं बघणार, मी खाली बघणार — दोघं मिळून एक ड्रायव्हर. म्हणून म्हणते गॅस राहू दे. गॅस गेला की मग बाईचं गाडीत काय काम, असंच म्हणणार शेट. मी उतरले की ‘डावीकडं’ कोण म्हणणार? आता गाडी चालवणं सोडा, असं ह्यांना सांगून बघितलं नाही वाटतंय तुम्हाला? बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, म्हणतात. घरी बसलो तर मेलोच म्हणून समज, म्हणतात. एकदा हे रडले पण. मग मी परत विषय काढला नाही. मला त्यांचं रडणं सोसत नाही.

आज सकाळी तर — हे लिहू नका. तुमकूर सोडल्यावर, गाडी चालत असतानाच मी शेपू निवडायला घेतला. म्हटलं बेंगळूर येईपर्यंत तेवढंच काम होईल. नजर भाजीवर, एवढाच वेळ. समोर स्कूटरवर एक बाई, मागं तिची पोरगी, शाळेच्या कपड्यात. ह्यांनी ब्रेक दाबला — त्यांना वाटलं ब्रेक. गाडीनं उसळी घेतली. मी ओरडले, ह्यांनी स्टिअरिंग फिरवलं, वीतभर राहिलं अण्णा, वीतभर. पोरगीनं वळून बघितलं माझ्याकडं, हसली पण. तिला काय माहीत. मग मी इथं आल्यावर तोच शेपू धुतला आणि फोडणीला टाकला. दुसरं काय करणार होते?

जेवा की. हात का आखडला? — बरं, नका जेवू. तो आरसा बघा, आले ते. टॉवेल खांद्यावर हाय तेच. पाऊल कसं टाकतात बघा, जमिनीवर टेकलं का नाही ते डोळ्यानं बघून मग दुसरं उचलतात. अण्णा, ऐका. गॅस न्यायला आला होता ना तुम्ही? गॅस राहू दे, मला त्यांना जेवायला वाढायचंय. ही घ्या. गाडीची चावी. आंघोळीला जाताना माझ्याकडं देऊन जातात. शेटला द्या, संध्याकाळच्या आत दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणा. हे चावी विचारतील तेव्हा मी सांगते, मीच दिली म्हणून. इकडनं, माझ्या बाजूच्या दारानं उतरा. जावा. आता काही विचारू नका, जावा म्हणते ना — थांबलात तर मी परत मागून घेईन.