खोल पाण्याची उरलेली बाटली

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. चार माणसांत उभं राहून बोलायची मला सवय नाही. काकांनी मला घरीच लिहा-वाचायला शिकवलं, बोलायला नाही. तरी उभी राहिले, कारण परवा माझ्याकडून एक गोष्ट चुकीची सांगितली गेली. ते आधी सुधारते.

काकांच्या बाटल्यांत समुद्रातले जिवंत जीव होते, असं मी ओसरीवर म्हणाले. ते खरं नाही. ते केव्हाच मेलेले होते. जाळ्यातून वर आले तेव्हाच काकांनी ते स्पिरिटात घातले. काकू, ऐकतेस ना? तू कुणाला मारलं नाहीस. माणूस गेलं की घरातलं साठवणीचं पाणी ओतायचं, ही आपली रीत. काका गेले तेव्हा तू हंडा ओतलास, कळशी ओतलीस, आणि त्याच हातानं फळीवरच्या बाटल्याही ओतल्यास. माझं बोलणं ऐकल्यापासून तू जेवली नाहीस. आज जेव.

काका जहाजावर होते, एवढंच पुष्कळांना ठाऊक आहे. ते खोल समुद्राची पाहणी करणारं जहाज होतं. काका जाळं ओढायचे. नोकरी सोडून कॅसलरॉक स्टेशनात गाडीतून उतरले, तेव्हा सोबत या बाटल्या होत्या आणि एक जुनं सूक्ष्मदर्शक.

एकदा काकांनी बाटलीतला एक थेंब काचपट्टीवर ठेवला आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेचा जाळीदार गोळा दिसला. एकाच पेशीचा जीव, त्याचा तो सांगाडा.

"ह्याचं तोंड कुठाय, काका?"

"तोंड न्हाई त्येला, पोरी. भोकांतनं चिकट तंतू सोडतो. वरनं मेल्यालं, अर्धं खाल्ल्यालं काय पडंल ते चिकटतं. मग हळूच आत वढतो."

"आणि काही पडलंच नाही तर?"

"ऱ्हातो थांबून. खाली ऊन न्हाई, काय न्हाई. दुसरं काय करंल?"

चुलीपासून काकू ओरडायची, "तोंड न्हाई ती बी खात्यात! हितं तोंड हाय, आन् भात गार झाला तरी येत न्हाई!"

आम्ही त्या जीवाचं चित्र काढत होतो. सांगाडा मी काढायचा, तंतू काकांनी. स्पिरिटात तंतू आखडतात. पसरलेले तंतू काकांनी जहाजावर एकदाच पाहिले होते.

एक बाटली माझ्या खिडकीत होती, म्हणून राहिली. तीही ओता, असं थोरली माणसं म्हणतात. मला रडू येत नाही. काय वाटतं तेही सांगता येत नाही. एवढंच मागते, सुतक फिटेपर्यंत थांबा.

काकू, तू आजवर एकदाही सूक्ष्मदर्शकातून पाहिलं नाहीस. आधी तू बघ. मग ठेवायची की ओतायची, ते तूच सांग. सांगाडा मी पुरा करीन. तंतू काढणार नाही. मी ते पाहिलेले नाहीत. तेवढा कागद कोरा राहील.

आता काकांसाठी थोडा वेळ सगळे गप्प बसू या. सोमवारी सुतक फिटतं. मंगळवारी सकाळी, अंगणात ऊन आलं की, मी सूक्ष्मदर्शक बाहेर मांडीन.