हुफूफचा रस्ता उघडला

मी मारुती, चंदगडकडचा. आमचं गाव म्हंजे महाराष्ट्राचं शेवटचं, ओढा वलांडला की कर्नाटक, आणि माझी आत्ती दिलेली त्या अंगाला, त्यामुळं सीमा म्हंजे काय ते मला कुणी शिकवाय नको, कुठं दंगा झाला की एस्टी बंद आणि आत्तीचा सण चुकला. तर काय सांगू तुमाला, कतरमधी दोह्यात डायवर म्हणून आलो ते अबू हमूर भागात, एका कतरी म्हातारीच्या घरात. मालकिणीला इथं मामा म्हणतात, पयल्यांदा मला हसूच आलं, बाईला मामा कसं म्हणायचं, पण आता तीच माझी मामा.

मामाची धाकटी बहीण नूरा, ती सौदीत दिलेली, हुफूफला. दर महिन्याला आमी गाडी काढायचो. आणि रोज्याच्या दिवसांत एका सकाळी समजलं, शेजारच्या देशांनी कतरशी भांडण काढलंय, सौदीचा रस्ता बंद, विमानं बंद, दुकानात दुधाला ही गर्दी. मला वाटलं, चार दिवसांत मिटंल. कुठलं मिटतंय, वर्सं गेली वर्सं. फोनवर दोघी बोलायच्या ते पण कोण ऐकतंय म्हणून भीत भीत, निस्तं जेवलीस का, झोपलीस का. त्यात नूराची नजर गेली. मामा गाडीत मागनं म्हणली, मारुती, ती आता मला बघणार न्हाई रे. मी गाडी चालवत ऱ्हायलो.

मग टीव्हीवर बातमी आली, रस्ता उघडला. मामाची पोरं म्हणली, आई थांब, परत बंद केला तर तिकडंच अडकशील. मामा म्हणली, अडकले तर बहिणीच्या घरात अडकेन, यल्ला, चल मारुती. कागद झाले तसे निघालो. नाक्यावर सौदी शिपायानं पासपोर्ट बघितला आणि म्हणला, या, घरातच आलाय. अहो, मी कुणाचा कोण, पण हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.

नूरा नातीला धरून दारातच हुबी. मामाचं तोंड दोनी हातांनी चाचपलं आणि म्हणली, किती वाळलीस गं, कतरात जेवाय मिळत न्हाई काय? मामा म्हणली, तुमी दूध बंद केलं, आमी विमानानं गाई आणल्या, ये बघायला! सगळी हसली, हसता हसता रडली. मला आत नेऊन घरच्यांच्या पंगतीला बसवलं.

आता पयल्यासारखं जातो. दोघी भांडतात सुद्धा, मी बाहेर चहा घेत ऐकतो. मोठ्या लोकांचं मिटलंय, इन्शाल्ला मिटलेलंच ऱ्हाऊ दे. देव दोघींना उदंड आयुष्य देवो, आणि माझे डोळेबी धड ठेवो, गाडी मला चालवायचीय.