दुकानात येऊ नका, असं लिहिणाऱ्या वैऱ्याविरुद्ध

मी, गुरुपादप्पा वीरण्णा हालकुडे, वय ६३ वर्षे, धंदा मोटार रिवायंडिंग, राहणार बाजार रस्ता, रेणापूर, जिल्हा लातूर, आज स्वतःहून ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी शरणम्मा, मुलगा महांतेश व सून वर्षाराणी यांच्यासह राहतो. पुढे दुकान, मागे घर. शेतावरच्या जळालेल्या मोटारी भरून देणे हा माझा जुना धंदा आहे. हातापेक्षा माझं तोंड जास्त चालतं असं घरचे म्हणतात. ते खरं आहे.

काल सकाळी शिरूर अनंतपाळचे भुजंग नावाचे शेतकरी दुकानात आले. त्यांच्याजवळ मोटार नव्हती, पेढे होते. ते म्हणाले, "अप्पा, तुमच्या ब्लॉगवर वाचलं अन् कपॅसिटर बदलला. मोटार लगीच चालू! लई खर्च वाचला बघा." माझा कसलाही ब्लॉग नाही असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. वर लिहिलं होतं 'मोटारीची नाडी'. त्याखाली दुकानाचं नाव, माझं नाव, माझा नंबर आणि माझंच बोलणं: 'मोटार बोलेनाशी झाली म्हणून लगेच पुरायला खड्डा खणू नका, आधी नाडी बघा. फ्यूज, स्टार्टर, कपॅसिटर, केबलचा जोड. एवढ्यात सापडलं तर दुकानात येऊ नका, उगं गाडीभाडं घालू नका.' हे बोलणं तालुक्यात माझ्याशिवाय कोणाचं नाही. तोंडातला पेढा मला गोड लागला नाही.

माझा संशय समोर हाच धंदा करणारे दुकानदार संगमेश्वर यांच्यावर गेला. माझ्याच नावाने माझ्याच गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणायचं, हे वैऱ्याशिवाय कोण करील? अशी फुकट विद्या वाटली तर दुकानाला कुलूप लागेल, मग महांतेशच्या हाती मी काय देऊ, याची मला भीती वाटली व वाटते. आज सकाळी संगमेश्वर यांनी मला नेहमीप्रमाणे नमस्कार केला. तोही मला संशयास्पद वाटला. सबब ब्लॉग बंद करून लिहिणाऱ्याला पकडावं म्हणून मी तक्रार द्यायला आलो.

जबाब लिहून घेणारे हवालदार रामलिंग यांनी सदर ब्लॉग उघडला आणि बराच वेळ मान वर केली नाही. त्यांच्याही शेतात बोअर आहे. मग ते म्हणाले, "अप्पा, हे समदं तुम्ही मला च्या पाजून सांगितलेलं हाय. तवा न्हाई का विद्या गेली?" मी म्हणालो, "सांगणं येगळं, लिहिणं येगळं." काय वेगळं, असं त्यांनी विचारलं. लिहिलं की धंदा घटतो, असं मी सांगितलं.

धंदा घटला का, असं विचारल्यावरून सांगतो की, घटलेला नाही. उन्हाळ्यापासून वाढला आहे. देगलूरहून मोटारी येतात, अहमदपूरहून येतात. ती सिद्धेश्वराची कृपा, असं मी धरून चाललो होतो.

एवढ्यात माझा फोन वाजला. हदगावहून तारामती नावाच्या बाई बोलत होत्या. हवालदारांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितला. "दादा, तुमचं वाचून फ्यूज बघितला, जोड बी बघितला. मोटार खरंच जळाली हाय. टेम्पोत घालून तुमच्याकडंच घेऊन येऊन राहिलो." नांदेड सोडून एवढ्या लांब कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जो मानूस येऊ नका म्हणतो, तो काय फसवंल? आमच्या घरात सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं." हवालदारांनी हे वाक्य लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर त्यांनी ब्लॉगवरचा सगळ्यात पहिला लेख मोठ्याने वाचला. 'आमच्या मामांना घशाच्या डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. ते ऐकत नाहीत. प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगतात आणि संध्याकाळी गुळण्या करत बसतात. म्हणून त्यांचं बोलणं इथं लिहून ठेवते. आधी वाचा, मग त्यांना विचारा.'

संगमेश्वर यांना माझ्या घशाचं काही माहीत नाही. गुळण्यांचं पाणी रोज कोण गरम करून देतं, हे मला माहीत आहे. मी हवालदारांना घरचा नंबर दिला. त्यांनी मला पाणी दिलं.

फोन केल्यावरून सून वर्षाराणी ठाण्यात आली. पिठाचे हात तिने पुरते धुतलेले नव्हते. दारातूनच म्हणाली, "मामा, चुकलं असंल तर आत्ता पुसून टाकते." न विचारता का लिहिलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पडद्याआडून रोज ऐकू येतंय की तुमचं. विचारलं असतं तर तुम्ही तासभर बोलून न्हाई म्हणला असता. परत घसा धरला असता." हवालदार हसले. मीही हसलो.

तरी संगमेश्वर यांच्याविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. कालचे उरलेले पेढे त्यांना देणार आहे. ब्लॉग पुसू नये. मात्र सुनेविरुद्ध माझी एक तक्रार आहे, ती लिहून घ्यावी. ब्लॉगवर दुकानाचं नाव आहे, माझं आहे, पण लिहिणारीचं नाव कुठेच नाही. ते आजच्या आज टाकावं, आणि माझ्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात.

हा जबाब हवालदार वाचून दाखवणार होते, मी तो सुनेकडून वाचून घेतला. 'वैरी' या शब्दापाशी ती थांबली. खोडायचं का, असं हवालदारांनी विचारलं, तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या, मामा तसंच बोलले होते." बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करतो. हदगावची मोटार वाटेत आहे. आम्हा दोघांना दुकानात जाऊ द्यावं.