अथर्वच्या तोंडचा तिसरा आवाज

पुरवणी जबाब
दिनांक १५ नोव्हेंबर २००७

मी, सौ. नीलिमा ईश्वर तळाशिलकर, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (कुरिअर कंपनीत क्लार्क), राहणार पूनम सागर, मीरा रोड पूर्व, जिल्हा ठाणे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपणहून, जबाब लिहून देते की,

वरील पत्त्यावर मी पती ईश्वर व दोन मुलांसह राहते. थोरला स्वप्नील, वय २१, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकटा अथर्व, वय १७. अथर्वला मारहाण झाल्याची फिर्याद माझ्या पतींनी सोमवारी याच ठाण्यात दिली आहे. त्या वेळी स्वप्नील त्यांच्यासोबत होता आणि बरीचशी माहिती त्यानेच सांगितली. मारणारे 'अनोळखी इसम' असे त्या फिर्यादीत लिहिले आहे. मला आज त्याबद्दल बोलायचे आहे.

आधी एक दुरुस्ती. फिर्यादीत अथर्वला 'मतिमंद' म्हटले आहे, ते खोडावे. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. त्याला समजते सगळे. बोलणे मात्र चारचौघांसारखे नाही, आणि सगळे रामायण त्या बोलण्यापायीच घडले, म्हणून ते नीट लिहून घ्यावे.

अथर्व पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. मी कामावर जायची, तेव्हा त्याला उत्तनच्या कोळीवाड्यातल्या टेरेझाबाई सांभाळत. त्याला वाचा फुटली ती त्यांच्या आवाजात. आम्ही गिरगावातून इकडे आलेलो, आणि आमचा मुलगा "न्हाय जायचा" म्हणायचा, तोच हेल, वाक्याच्या शेवटी टेरेझाबाई घसा साफ करत तोसुद्धा तसाच. माझ्या सासरची माणसे पोट धरून हसली. म्हणे, बामणवाड्यात कोळीवाडा आला. हसोत बापडी. मुक्या मुलाच्या तोंडून शब्द आला, तो कुठल्या हेलात आला हे बघत बसायला मला वेळ नव्हता. टेरेझाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. आजही अथर्वला भूक लागली की माझ्या स्वयंपाकघराच्या दारात त्याच बोलतात. त्यांचा मुलगा रॉनी नाताळला केक घेऊन येतो, अथर्वजवळ बसतो, आईला ऐकतो आणि जातो. एकदा घेतलेला आवाज अथर्व टाकत नाही, हे मी त्यासाठी सांगते आहे.

त्याचे स्वतःचे बोलणे एका पट्टीतले, मोठ्याने, बातम्या वाचल्यासारखे. पोट दुखतेय हेही त्याच सुरात आणि पाहुणे आलेत हेही त्याच सुरात. दुसऱ्याचे बोलणे मात्र तो जसेच्या तसे परत करतो, ज्याचे त्याच्या आवाजात. त्याच्या शाळेतल्या बाई म्हणतात, तेवढ्यात तो उत्तर जुळवत असतो. समोरच्याला वाटते, पोरगा टर उडवतोय. भाजीवाला, वॉचमन, रिक्षावाले, मी एकेकाला गाठून सांगितले आहे, "भैया, वो चिढाता नहीं, उसका बोलना ही ऐसा है." माझा निम्मा जन्म या एका वाक्यात गेला. सगळ्या मीरा रोडला कुठून सांगणार?

सोमवारी संध्याकाळी अथर्व नेहमीसारखा इस्त्रीचे कपडे आणायला बेव्हर्ली पार्कच्या बाजूला गेला. हे काम त्याचे आहे, दुसऱ्या कोणी केलेले त्याला चालत नाही. दिवे लागले तरी तो आला नाही. मी चपला घालून निघणार तोच स्वप्नील त्याला रिक्षातून घेऊन आला. अथर्वच्या डाव्या हाताचे हाड मोडले होते, भुवई फाटली होती, कानामागे सूज होती. स्वप्नील म्हणाला, "मित्राचा फोन आला, तुझा भाऊ बेव्हर्ली पार्कच्या मोकळ्या प्लॉटजवळ पडलाय म्हणून. मी पोचलो तेव्हा कोणच नव्हतं तिकडे." दवाखान्यात टाके घालताना अथर्वला त्यानेच धरून ठेवले. तिथून तो वडिलांबरोबर इथे आला. आम्हाला शंका यायचे काही कारण नव्हते. पोटचा मुलगा आहे.

त्यानंतर अथर्व बोलायचा थांबला. मंगळवारी सबंध दिवस एक शब्द नाही. भूक लागली तरी टेरेझाबाई आल्या नाहीत. मी ताट घेऊन त्याच्यापुढे बसले आणि रडले.

काल, बुधवारी सकाळी मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीत स्वप्नील बोलला, "नाय रे, मी नाय ओळखत. असेल कोण येडा." मला वाटले, फोनवर आहे. मी आतून विचारले, "स्वप्नील, औषधं आणलीस का रे?" पुन्हा तेच वाक्य, आणि शेवटी तो नाकातून हसतो ते हसणे. मी बाहेर आले. स्वप्नील घरात नव्हताच, औषधे आणायला गेला होता. दिवाणावर अथर्व भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

मी त्याच्याजवळ बसले. मग त्याने सगळे पहिल्यापासून म्हणून दाखवले. एक घोगरा आवाज, "ए हिरो, किधर चला?" लगेच तेच वाक्य, तसेच घोगरे, म्हणजे अथर्वने परत केलेले. मग, "नक्कल करतो काय रे? परत कर, परत कर." तेही त्याने परत केलेले. दुसरा आवाज बारीक, थोडा गुजराती वळणाचा, "देखता क्या है, दे ना एक." मग पहिलाच म्हणतो, "थांब. तुझ्या बिल्डिंगमधला ना रे हा?" इथे अथर्व थांबला. तिथे जेवढा वेळ कोणी बोलले नसेल तेवढाच थांबला असणार, कारण तो गप्पपणासुद्धा जसाच्या तसा घेतो. मग तिसरा आवाज. तो मी वर सांगितला आहे. त्यानंतर शब्द नाहीत. अथर्व उजव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारू लागला. मी त्याचा हात धरला, तेव्हा माझ्या हातावरची कणीक वाळलेली होती.

म्हणजे मारले ते त्या वाक्यानंतर. 'माझा भाऊ आहे' एवढे तो बोलला असता तर ते हात थांबले असते. हे मला कालपासून खाते आहे.

तेवढ्यात स्वप्नील औषधे घेऊन आला. त्याच्यासमोर अथर्वने पुन्हा तेच म्हटले. स्वप्नील दारात उभा राहून स्वतःला ऐकत होता. मी विचारले, "हे तू बोललास?" तो म्हणाला, "आई, सगळे होते गं तिकडे. मला वाटलं, एखादी मारतील आणि सोडतील." मी म्हटले, "आणि मग?" त्याने औषधांची पिशवी टीपॉयवर ठेवली आणि तो निघून गेला. त्याचा मोबाइल बंद आहे. मित्रांकडे नाही, माझ्या भावाकडे नाही. लहानपणापासून त्याचे मित्र घरी यायचे तेव्हा तो अथर्वला आतल्या खोलीत न्यायला सांगायचा, मी न्यायची. त्याला लाज वाटते हे मला माहीत होते. ती इतकी आहे हे माहीत नव्हते. मला त्याचा संताप येतो आणि त्याने जिवाचे काही बरेवाईट केले तर, ही भीतीही वाटते. दोन्ही लिहावे.

माझ्या पतींचे म्हणणे, फक्त हरवल्याची तक्रार दे. ते म्हणाले, "एकाचा हात मोडलाय, आता दुसऱ्याचं आयुष्य मोडू नकोस. अथर्वला काय कळतंय, कोणाचं काय बोलतोय ते." हे त्यांनी म्हणायला नको होते. अथर्वने जन्मात पहिल्यांदा आपल्यावर काय गुदरले ते सांगितले आहे. त्याला दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता येत नाही. ते मी गिळून टाकले तर त्याच्यावर हात टाकणारे दोन आणि मी तिसरी. आणि उद्या आम्ही दोघे गेल्यावर त्या घरात हे दोन भाऊच उरायचे आहेत. एक रोज म्हणणार, मी नाय ओळखत, आणि दुसरा रोज ऐकणार. त्याआधी खरे काय ते कुठेतरी कागदावर आलेच पाहिजे.

साहेबांनी विचारले, नुसत्या आवाजावरून मुलाचे नाव कसे घेता. अथर्व माझ्याबरोबर आला आहे व बाकावर बसला आहे. सोमवारी स्वप्नीलचे बोलणे हवालदार काशीनाथ यांनी उतरवले होते. आज जबाब चालू असताना अथर्व ते वाक्य बोलला, तेव्हा हवालदारांनी पेन थांबवले, दाराकडे पाहिले आणि म्हणाले, "आला काय तो?" हे जबाबात घ्या, असे मी म्हटले. ते नको म्हणत होते. घेतल्याशिवाय मी उठणार नाही म्हटल्यावर घेतले.

बाकीच्या दोघांची नावे मला ठाऊक नाहीत. ती स्वप्नील सांगेल. त्याला शोधावे, हात जोडून सांगते. सापडला की आधी मला कळवावे. तो कालपासून जेवला नसेल. मी डबा घेऊन येईन, त्याला खाऊ घालीन, मग काय विचारायचे ते विचारा. मी बाजूला बसेन. अथर्वही बसेल.

साहेबांनी शेवटी सांगितले, बाई, अजून वेळ आहे, 'अनोळखी इसम' तसेच राहू देता येईल. मी नाही म्हटले.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून केली आहे, बाकी मी बोलले तसेच आहे. स्वप्नील ईश्वर तळाशिलकर या नावापुढे 'जखमीचा सख्खा भाऊ' असे लिहिले आहे, ते मी दोनदा मोठ्याने वाचायला लावले. ते बरोबर आहे.

सही
(सौ. नीलिमा ईश्वर तळाशिलकर)