आमचा नाताळ सव्वीसला असतो

माझं माहेर प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूरच्या अलीकडं, सगळा उसाचा मुलूख, वडील साखर कारखान्यात कामाला व्हते आन् रविवारी देवळात पेटी वाजवायचे. देवळात म्हनजे चर्चमध्ये, आम्ही तिकडं देऊळच म्हनतो. हसू नका ताई. आजा-पंजापासून आम्ही ख्रिस्ती आन् त्याच्याही आधीपासून मराठी. सुवार्ता हे माझं नाव पन आजीनंच ठेवलेलं. हे आधीच सांगते, कारन इथं कुवेतला आल्यापासून जो मराठी मानूस भेटतो तो पहिलं हेच विचारतो, की तुम्ही ख्रिश्चन, मंग मराठी एवढं चांगलं कसं बोलता. काय सांगू तुम्हाला, डोकंच फिरतं माझं. म्हनजे मी काय रोमहून आले का?

लग्न झालं आन् इकडं आले. आमचे हे वेल्डर, मंगफजवळच्या एका कंपनीत, राहायलाही आम्ही मंगफलाच. पोरगी इथंच झाली, एस्तेर. ती शाळेत जायला लागल्यावर मी एगैलाच्या मॉलमध्ये लेकरांच्या कपड्यांच्या दुकानात लागले. माझा इकामा त्या दुकानावर, म्हनजे दुकान सुटलं तर इथं राहायचा कागदच सुटला, एवढं ध्यानात ठेवा, म्हनजे मी इतके दिवस का ऐकून घेतलं ते कळंल. गिऱ्हाईक समोर दहा फ्रॉक उकलून टाकतं आन् एकही न घेता निघून जातं, तरी आपलं हसून शुक्रन म्हनायचं, परत घड्या घालायच्या. त्याचं मला काही नाई, काम ते काम.

आता नाताळाचं सांगते. इथं त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते, आन् माझी त्याबद्दल तक्रारही नाई, मुलूख त्यांचा, रीत त्यांची. पन उपासनेला जागा आहे. सिटीत चर्चचं एक आवार आहे, त्याच्यात मल्याळी, तमिळ, तेलुगू, फिलिपिनो, अरबी, किती भाषांचे लोक एकाच हॉलात पाळीपाळीनं बसतात, एकांचं आमेन झालं की दुसरे दारात चपला काढायला तयार. पंचवीस तारखेला मोठ्या मंडळ्यांचे नंबर लागतात, कारन त्यांची मानसं हजारानं. आमची मराठी घरं किती, तर एका बसमध्ये बसतील. म्हनून आम्हाला सव्वीसची संध्याकाळ मिळते. कुनाचं काही चुकत नाई, जागाच तेवढी. आता आमच्या पोराबाळांना विचाराल तर ती नाताळ सव्वीसलाच धरतात. करंज्या सव्वीसला, नवे कपडे सव्वीसला, ढोलकी सव्वीसला.

त्या वर्षी एस्तेरचं दृढीकरन व्हतं. तुम्हाला नसंल माहीत, सांगते. लहानपनी बाप्तिस्मा आई-बाप देतात, लेकराला काय कळतं. मंग ते मोठं झालं की स्वतः सगळ्यांसमोर उभं राहून म्हनतं, की हो, माझा विश्वास आहे, आन् बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, आई-बाप पाठीमागं उभे असतात. आयुष्यात एकदाच. बिशपसाहेब हिंदुस्थानातून येनार व्हते, ते काय रोज येतात का? आन् आमची ही पोरगी कशी, तर मराठीत विचारावं आन् तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, मम्मी आय नो, मम्मी नॉट नाऊ. पन हट्टानं म्हनली, उत्तरं मराठीतनंच देनार. रोज मी भाकरी थापायचे आन् ती वट्ट्यापाशी उभं राहून म्हनायची, मी विश्वास ठेविते, मी नाकारिते, आन् ळ आला की अडायची आन् आम्ही दोघी हसायचो.

म्या महिनाभर आधी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हनजे निखिलसर, पुन्याचा, आपला मराठी मानूस. म्हनूनच म्या धीरानं सांगितलं, की सर, मला सव्वीसची सुट्टी पाहिजे, नाताळाची. तर तो म्हनतो, काकू, ख्रिसमस पंचवीसला असतो. म्या सगळं समजावून सांगितलं, नंबर कसे लागतात, बिशप, पोरगी, सगळं. तर मोबाईल पुढं धरून मला दाखवतो, हे बघा, पंचवीस. मला! ज्या बाईचा बाप चाळीस वर्षं नाताळाला पेटी वाजवत आला तिला हा पोरगा नाताळ दाखवतो मोबाईलमध्ये. पुढं म्हनतो, सव्वीसला वर्षअखेरचा सेल सुरू व्हतो, त्या दिवशी सगळे पाहिजेत, पंचवीस घ्या, मी काय तुमच्या सनाच्या आड येत नाई. बघा, वर उपकार!

मंग म्या म्हनले, ठीक, पंचवीसला मी येते, सगळ्यांच्या आधी येते, बदल्यात सव्वीस द्या. तर बघू म्हनला. बघू! ताई, बघू म्हनजे हो नसतं हे मला या वयात कळायला पाहिजे व्हतं. पंचवीसला मी गेले, दिवसभर उभी, सेलच्या चिठ्ठ्या म्याच लावल्या कपड्यांना. आन् निघताना हा म्हनतो, उद्या सकाळी लवकर या. म्या म्हनले, उद्या माझी सुट्टी. तर म्हनतो, तुम्हाला आज दिली व्हती काकू, तुम्ही स्वतःहून आलात, त्याला मी काय करू. आता याला काय म्हनायचं? चोराच्या उलट्या बोंबा.

तरी मी गेले सव्वीसला. का गेले म्हनून विचारू नका, इकाम्याचं सांगितलंय तुम्हाला. मनात धरलं व्हतं, दुपारपर्यंत गर्दी काढून देऊ, मंग सोडंल, मानूसच आहे. तीन वाजले, चार वाजले, सोडेना. आमच्या कॅशवर रुबीना बसते, श्रीवर्धनची, तिनं दोनदा जाऊन सांगितलं, की सर, जाऊ द्या बाईला, कॅश आन् कपडे दोन्ही मी बघते. मला म्हनली, आमच्या बाशी ईदला पन हेच करतात गं, ईद काल झाली ना म्हनतात, अगं सगळी जेवनं, जानं-येनं, लेकींचं माहेरी येनं त्या दुसऱ्या दिवशीच असतं, ते यांना कोन सांगनार. तिला माझ्याहून जास्त राग आला व्हता. निखिलसर दारात उभा राहून गिऱ्हाइकांना वेलकम करत व्हता. म्हनजे मी बाहेर पडावं तर त्याच्यावरूनच.

शेवटी ह्यांचा फोन आला, की सुरू झालं, तू कुठं आहेस. मला ऐकूच येईना, दुकानात गानी लावलेली, आन् गानी कोनती, तर नाताळाची! सेलसाठी! म्या हातातले कपडे तिथंच खाली टाकले आन् त्याच्या अंगावरून गेले. काकू काकू करत राहिला. टॅक्सी केली, फहाहील रोडला ही गर्दी, गाड्या नुसत्या उभ्या. मी मागं बसून रडत नव्हते ताई, मी निखिलसरला शिव्या देत व्हते, प्रवरेकाठच्या, ड्रायव्हर बिचारा बंगाली, सारखा आरशात बघत व्हता.

पोचले तर हॉलमध्ये दुसऱ्याच भाषेची गानी चाललेली. आमचे लोक बाहेर, करंज्यांचे डबे गाडीत टाकत व्हते, कुनी माझ्याकडं बघेना. एस्तेर भिंतीपाशी, पांढऱ्या साडीत, पहिल्यांदा नेसलेली. ह्यांनी सांगितलं, की बाकीची तीन पोरं उभी राहिली, ही बसूनच. बिशपसाहेब स्वतः म्हनले, ये बेटा. पाळक म्हनले, पप्पा आहेत ना पाठीशी. ही हलली नाई. आई येतेय म्हनली. त्यांनी एक गीत जास्तीचं म्हनायला लावलं, तरी मी नाई. मंग दारात पुढचे लोक आले, आन् वेळ संपली. मी जवळ गेले तशी पोरगी मला मराठीत म्हनली, तू नव्हतीस ना, मंग मी कशी हो म्हनू?

बिशपसाहेब दुसऱ्या दिवशी गेले, ते परत इकडं आलेच नाईत. त्याला आता तीन वर्षं झाली. पोरगी अजून तशीच, दृढीकरन झाल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मिळत नाई, म्हनून सगळे ती घ्यायला पुढं जातात तेव्हा ही बाकावर बसून राहते. निखिलसरनं मला काढलं नाई, सेलला हात पाहिजे व्हते. फक्त पगार कापला आन् सगळ्यांसमोर म्हनला, सन पंचवीसलाच झाला व्हता. दुकानाचे मालक कुवेती, म्हातारे, ते स्वतः ईदला तीन दिवस घर सोडत नाईत. त्यांना कुनी विचारलं असतं तर त्यांनी नाई म्हटलं नसतं. पन विचारनार कोन, आपलाच मानूस मधी उभा.

तुम्ही मघाशी विचारलं, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानं उघडावीत का. उघडा की! म्या कधी म्हनले कुलूप लावा? लोकांना लेकरांचे कपडे लागतात. पन ज्याचा सन आहे त्याला विचारा तुझा सन कधी. आमचा दिवस काल संपला हे तुम्ही कोन सांगनार? तुमच्या दिवाळीला कुनी म्हनलं का, की लक्ष्मीपूजन झालं, आता पाडवा, भाऊबीज कशाला?

बिशपसाहेब या वर्षी येतायत. नंबर परत सव्वीसचाच. एस्तेर बारावीला, उन्हाळ्यात ती गावाकडं कॉलेजला जाईल, म्हनजे आम्हाला हीच वेळ. ड्यूटीचा कागद काल लागला, सव्वीसला सगळे हजर. म्या निखिलसरच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, मी येनार नाई. तो म्हनला, मंग सत्तावीसला पन येऊ नका. म्या म्हनले, बरं.

हे घाबरलेत, मी पन घाबरलीय, खोटं कशाला बोलू. इकामा जाईल, दुसरं दुकान मिळंल नाईतर गावी जाईन. निखिलसरला दोन लहान लेकरं आहेत, देव त्यांचं भलं करो, मनापासून म्हनते. ती लेकरं मोठी व्हतील, त्यांचा कसला तरी मोठा दिवस येईल, आन् त्या दिवशी त्यांच्या पाठीमागं त्यांचा बाप उभा असू दे.